दूरच्या बेटावर स्कूबा: मुक्कामाचा खर्च कसा मोजायचा, आराम कुठे विकत घ्यायचा

नंदुरबारला सर्वांत जवळचा समुद्र सुरतेचा. तिथलं पाणी खंबातच्या आखातातल्या गाळाने इतकं गढूळ असतं की गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःचं पाऊल दिसत नाही. जळगाव, धुळे, भुसावळ त्याहून आत. त्यामुळे खानदेशातल्या माणसाला स्कूबा डायव्हिंग करायचं तर पाण्यात उतरण्याआधी दीड-दोन दिवस प्रवासात जाणार आणि तेवढेच परतताना. हा खर्च टळत नाही. मुंबई-पुण्याच्या लोकांनी लिहिलेले 'स्वस्तात अंदमान' छापाचे हिशेब आपल्याला लागू होत नाहीत ते यामुळेच. आपलं गणित साधं आहे: कमी वेळा जा, पण गेलात की जास्त दिवस राहा. आणि खोली निवडताना रोजच्या भाड्याकडे न बघता पूर्ण सहलीचा खर्च भागिले प्रत्यक्ष झालेल्या डाइव्ह, हा आकडा बघा.

आधी बेट ठरवा

आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याखाली जाणार असाल तर थेट विमानाची तिकिटं काढू नका. मालवण-तारकर्लीला एक चाचणी करा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र तारकर्लीलाच आहे, तिथे शिकवण्यासाठी स्वतंत्र तलाव आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जी स्कूबा करवतात तिच्यात गाइड तुम्हाला धरूनच नेतो, फार खोल नेत नाहीत, पाणीही अंदमानइतकं नितळ नसतं. पण कान दाब सहन करतात का, तोंडाने श्वास घेताना जीव घाबरतो का, एवढं कळायला ते पुरे. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.

मालवण जमलं की नवख्यासाठी पहिलं बेट अंदमानचं स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक. पासपोर्ट लागत नाही, शिकवणारे हिंदी बोलतात आणि विजयनगर-गोविंदनगरच्या पट्ट्यात डाइव्ह शॉप बरीच असल्याने भावाला स्पर्धा आहे. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, तिकीट शोधताना दोन्ही नावं दिसतील. तिथून स्वराज द्वीपला बोटीने दीड ते अडीच तास. खासगी बोटी सकाळपासून दुपारपर्यंतच असतात, म्हणून विमान सकाळी उतरणारं घ्या. दुपारनंतर उतरलात तर एक रात्र पोर्ट ब्लेअरला काढावी लागेल आणि डाइव्हचा एक दिवस हातचा जाईल.

लक्षद्वीपचं पाणी सुंदर, पण तिथे जायला प्रवेश परवाना लागतो आणि मुक्कामाच्या जागा मोजक्या. परवान्याच्या कागदांत पोलिसांचा दाखला मागितला तर तो आपल्या जिल्ह्यातून मिळवायला वेळ लागतो, म्हणून दोन-अडीच महिने आधी हालचाल करावी. बंगारम सोडलं तर दारूबंदी आहे. प्रवास मात्र खानदेशाला सोयीचा: मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भुसावळ-जळगावहून थेट एर्नाकुलमला जाते आणि पुढे कोचीहून अगत्तीचं विमान किंवा जहाज. तिथे पर्यायच कमी असल्याने तुलना करायला फार काही उरत नाही, म्हणून हे बेट दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ठेवा.

मालदीवला शिकायला जाऊ नये. कोर्स करून, गाठीला दहा-बारा डाइव्ह बांधून गेलात तर तिथले पैसे वसूल होतात. कारण तिथल्या नावाजलेल्या जागा प्रवाहाच्या आहेत आणि नवखा माणूस त्यात आपली हवा संपवण्यापलीकडे काही करत नाही.

महिना कोणता

अंदमानला ऑक्टोबर ते मे हंगाम. त्यातही जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत. नाताळ ते जानेवारीचा पहिला आठवडा आणि दिवाळीची सुट्टी टाळा, कारण खोली आणि विमान दोन्ही चढलेलं असतं आणि डाइव्हच्या बोटीवर गर्दी. संक्रांत झाल्यापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. कापसाचे पैसे तोवर हाती आलेले असतात, रब्बीची काढणी सुरू व्हायची असते, आणि मुलांच्या परीक्षेचा प्रश्न नसलेल्या घरांना याहून चांगला मुहूर्त नाही. आखाजीनंतर, म्हणजे मेमध्ये गेलात तर दर उतरतात, पण मॉन्सून अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोचतो. बोटी रद्द होण्याची शक्यता धरून दोन दिवस जास्तीचे ठेवावे लागतात आणि मग स्वस्ताई तिथेच संपते.

घरी बसून वाचणारे पैसे

बेटावर प्रत्येक रात्रीचे पैसे मोजावे लागतात, म्हणून जे काम जळगावात होतं ते तिथे नेऊ नका.

पहिलं, वैद्यकीय फॉर्म. कोणतंही नीट डाइव्ह शॉप पाण्यात उतरवण्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतं. दमा, हृदयविकार, फिट, कानाचं ऑपरेशन, मधुमेह, गर्भारपण यातल्या एकावर जरी 'हो' आलं तरी डॉक्टरची सही लागू शकते. वयाची ४५ उलटलेल्यांना त्यात जास्तीचे प्रश्न आहेत. ही गोष्ट बेटावर कळली तर तिथे असा डॉक्टर शोधण्यात दिवस जातो, आणि नाही मिळाला तर पूर्ण सहल काठावर बसून. तो फॉर्म आधीच मागवा, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून पडदा तपासून घ्या आणि सही-शिक्क्यासह मूळ कागद सोबत न्या. प्रश्नांची खोटी उत्तरं देणारेही असतात. दम्याच्या माणसाने ते केलं तर त्याची किंमत पैशात मोजता येत नाही.

दुसरं, थिअरी. ओपन वॉटर हा पहिला पूर्ण कोर्स पाडी किंवा एसएसआय या संस्थांचा असतो. दोन्ही जगभर चालतात, त्यात डावं-उजवं करत बसू नका. तीन ते चार दिवसांचा कोर्स, त्यात समुद्रातल्या चार डाइव्ह आणि शेवटी १८ मीटरपर्यंत जाण्याचा परवाना. वाचन आणि परीक्षेचा भाग ऑनलाइन मिळतो. तो घरून करून गेलात तर बेटावरचा जवळजवळ एक पूर्ण दिवस सुटतो. कोर्स न करता नुसतं 'ट्राय डाइव्ह' करणाऱ्याला १२ मीटरची मर्यादा असते. मुलांसाठी दोन्हीला वय किमान १० वर्षं.

तिसरं, पोहणं. कोर्सला २०० मीटर सलग पोहणं, नाहीतर मास्क, स्नॉर्कल (श्वास घ्यायची नळी) आणि फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंखे) लावून ३०० मीटर, आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. वेळेची अट नाही. गावाकडे विहिरीत सूर मारून तयार झालेल्यांना हे सोपं जातं. त्यांची अडचण वेगळीच असते: दम कोंडायची सवय. विहिरीत छातीभर हवा घेऊन जातो आणि तीच घेऊन वर येतो, म्हणून काही होत नाही. स्कूबात १० मीटरवर दुप्पट दाबाची हवा आत घेतलेली असते. ती कोंडून वर आलात तर पृष्ठभागावर येईतो तिचं आकारमान दुप्पट होतं आणि फुप्फुसाला इजा होते. श्वास कधीही थांबवायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम. महिनाभर तलावात पोहताना तोंडाने सावकाश, अखंड श्वास सोडण्याचा सराव करा. शांत श्वास घेणाऱ्याची हवा जास्त टिकते, म्हणजे त्याच पैशात पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं जास्त मिळतात.

चौथं, मास्क. बाकी सगळं भाड्याने घ्या, मास्क मात्र स्वतःचा असावा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क पडला नाही तर तो तुमचा. मिशा भरघोस असतील तर नाकाखाली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी बारीक करावी लागते, नाहीतर पाणी झिरपत राहतं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून काढा. तसं केलं नाही तर आत वाफ धरते आणि समोरचा मासा धुक्यात जातो. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मुंबईहून मागवता येतो. बेटावर तुमचा नंबर असेलच असं नाही.

आता हिशेब

खालचे आकडे उदाहरणापुरते धरलेत. तुमचे खरे भाव घालून हीच मांडणी करा. समजा एक माणूस, कोर्स झालेला, सहा रात्री, चार दिवस डाइव्ह, रोज दोन, म्हणजे आठ डाइव्ह. जळगावहून जाऊन-येऊन प्रवास आणि बोट मिळून ३०,००० रुपये. दोन डाइव्हच्या एका सकाळीचे ७,०००, चार सकाळींचे २८,०००.

गावात आत असलेला होमस्टे १,८०० रुपये रोज. सहा रात्रींचे १०,८००. जेवण रोज ९०० धरून ५,४००. लांब असल्याने स्कूटर रोज ६००, एकूण ३,६००. प्रवास आणि डाइव्ह धरून सगळे ७७,८००. भागिले आठ: डाइव्हमागे ९,७२५.

डाइव्ह शॉपचीच खोली, ३,८०० रोज नाश्त्यासह. सहा रात्रींचे २२,८००, बाकी जेवण रोज ६०० म्हणजे ३,६००, स्कूटर नको. तिथेच राहणाऱ्याला डाइव्हवर दहा टक्के सूट, म्हणजे २८,००० ऐवजी २५,२००. एकूण ८१,६००. डाइव्हमागे १०,२००.

किनाऱ्यावरचा रिसॉर्ट ११,००० रोज. सहा रात्रींचे ६६,०००, जेवण रोज १,५०० म्हणजे ९,०००. एकूण १,३३,०००. डाइव्हमागे १६,६२५.

भाडं बघितलं तर होमस्टे आणि डाइव्ह शॉपची खोली यांत दुपटीहून जास्त फरक वाटतो. डाइव्हमागे बघितलं तर तो ४७५ रुपयांचा आहे. आता होमस्टेत रात्री वीज गेली, झोप झाली नाही, सकाळी डोकं जड, आणि एक दिवस बुडाला असं धरा. त्या दिवसाचे ७,००० वाचले, पण डाइव्ह सहाच झाल्या: ७०,८०० भागिले सहा, म्हणजे ११,८००. एका बुडालेल्या सकाळीने स्वस्त खोली महागात पडली.

उलट बाजूही बघा. डाइव्ह शॉपच्या खोलीत दोन दिवस वाढवले, आठ रात्री आणि बारा डाइव्ह केल्या, तर एकूण १,०३,००० होतात आणि डाइव्हमागे साधारण ८,५८०. म्हणजे रिसॉर्टला जास्तीचे ५१,४०० देण्याऐवजी त्यातले २१,४०० साध्या खोलीत दोन दिवस जास्त राहायला दिले तर चार डाइव्ह वाढतात. खानदेशातून जाणाऱ्याला हेच परवडतं, कारण त्याचा प्रवासाचा ३०,००० चा बोजा जास्त दिवसांत वाटला जातो.

केंद्र सरकारी नोकरीत असाल तर प्रवासाचा आकडाच बदलतो. एलटीसीत, म्हणजे रजा प्रवास सवलतीत, अंदमानला विमानाने जाण्याची खास सवलत आहे, तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आलीय. चालू आदेश आस्थापना शाखेत विचारा आणि तिकीट ठरवून दिलेल्या अधिकृत एजन्सीकडूनच काढा, नाहीतर बिल अडकतं.

प्रवासाबद्दल आणखी एक. वेळ असेल आणि पैसे वाचवायचे असतील तर नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नईला जाते. तिथून पोर्ट ब्लेअर विमानाने दोन-सव्वादोन तास. जळगावच्या छोट्या विमानाला जोडून त्याच दिवशीचं पुढचं मोठं विमान वेगळ्या तिकिटावर घेऊ नका. पहिलं रद्द झालं की दुसऱ्याचे पैसे जातात आणि कोणीच जबाबदारी घेत नाही. आदल्या रात्री मुंबई गाठलेली बरी.

आराम कुठे घ्यावा, कुठे नाही

अंदमान बराच पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच चालतं. पाचच्या सुमारास उजाडतं, संध्याकाळी साडेपाचला अंधार. डाइव्हच्या बोटी सात-साडेसातला सुटतात आणि त्याआधी सामान जुळवायला अर्धा तास हवा. त्यामुळे समुद्र दिसणारी गॅलरी वापरायला तुम्ही जागे नसताच. दुपारी परतल्यावर जेवून जी झोप लागते ती थेट पाचला मोडते. समुद्रदर्शनाचे जास्तीचे पैसे डाइव्ह करणाऱ्याने देऊ नयेत. बोटीपासून चालत पाच मिनिटांचं अंतर मात्र पैसे देऊन घ्यावं.

झोपेसाठी लागणारं सगळं घ्या. आपल्याकडे ४४ अंशांत कूलर लावून भागतं कारण हवा कोरडी असते. बेटावर पारा ३१ वर असला तरी हवेत इतका दमटपणा की कूलरचा उपयोग शून्य. मार्चनंतर जाणार असाल तर एसी घ्या आणि जनरेटर किती तास चालतो हे विचारा. 'बॅकअप आहे' या उत्तरावर समाधान मानू नका, एसी जनरेटरवर चालतो की फक्त पंखा-दिवा, असं नेमकं विचारा. डास आणि वाळूतल्या बारीक माश्या असतात, मच्छरदाणी किंवा खिडकीला जाळी हवी.

कपडे वाळत घालायची जागा ही फालतू गोष्ट वाटते. जळगावात दोरीवर टाकलेला टॉवेल तासाभरात खडखडीत होतो. तिथे तो दुसऱ्या दिवशी सकाळीही ओला असतो. ओला वेटसूट घालून उन्हाआधी बोटीवर वारा खाल्ला की सर्दी, आणि सर्दी झाली की कान उघडत नाहीत, म्हणजे कानातला दाब पाण्याच्या दाबाशी जुळत नाही आणि डाइव्ह बंद. शेड आणि वारा असलेली वाळवणीची जागा, आणि सामान बुचकळायला गोड्या पाण्याचा हौद, या दोन गोष्टी खोलीच्या फोटोत दिसत नाहीत. त्यांचे फोटो वेगळे मागवा.

गोडं पाणी बेटावर महाग. बऱ्याच साध्या खोल्यांत नळाला मचूळ पाणी येतं. आंघोळीला चालतं, केस मात्र काथ्यासारखे होतात. पिण्याचं पाणी किती मिळणार, जारचं की बाटलीचं, हे भाड्यात धरलंय का ते विचारा. दिवसाला तीन-चार लिटर सहज लागतं आणि पाणी कमी पडलं की शरीर कोरडं पडून डीकम्प्रेशनचा, म्हणजे दाब उतरताना शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा, धोका वाढतो. म्हणून डाइव्हच्या दिवशी निर्जळी उपवास नको; एकादशी पुढेमागे करता येत नसेल तर त्या दिवशी डाइव्ह ठेवू नका.

जेवण. शाकाहारी माणसाला अंदमानात अडचण नाही, दाल-भात-भाजी सगळीकडे मिळते, पण भाजीपाला मुख्य भूमीवरून येत असल्याने भाव चढे आणि बोट आली नाही की पर्याय बटाटा. लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, केळीचे वेफर, खाकरा सोबत असू द्या. बोटीवर जाण्याआधी मात्र तिखट-तेलकट काही नको. शेवभाजीचा रस्सा आणि लाटांवर झुलणारी बोट यांचं जमत नाही. सकाळी दोन केळी आणि पोळी पुरे. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरला विचारूनच घ्या, काही गोळ्यांनी गुंगी येते. ती घरीच एकदा घेऊन बघा.

सोबत कोणी डाइव्ह न करणारं असेल तर वरचं गणित थोडं बाजूला ठेवावं लागतं. बायको, आई किंवा लहान मुलं सकाळी सहा ते दुपारी एकपर्यंत काय करणार? त्यांच्यासाठी सावली, खुर्ची, पोहता येण्याजोगा किनारा आणि जेवणाची सोय असलेली जागा लागते, आणि तिथे मधल्या दराचा रिसॉर्ट योग्य ठरतो. पण दोन्ही साधायचं म्हणून रिसॉर्ट घ्या आणि डाइव्ह मात्र बाहेरच्या शॉपकडे करा. रिसॉर्टमधल्या काउंटरवरचा दर बहुधा जास्त असतो.

मालदीवचा दर वाचताना

तिथे दराच्या पुढे दोन अधिक चिन्हं असतात. ती नजरेआड केली की बजेट कोलमडतं. १०० डॉलरच्या खोलीवर आधी १० टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ११०. त्यावर १७ टक्के पर्यटन जीएसटी, हा दर जुलै २०२५ पासूनचा. झाले १२८.७०. शिवाय ग्रीन टॅक्स: वस्तीच्या बेटावरच्या ५० खोल्यांपर्यंतच्या गेस्ट हाऊसला माणशी रोज ६ डॉलर, रिसॉर्ट आणि मोठ्या हॉटेलांना १२. दोघांच्या खोलीचे गेस्ट हाऊसमध्ये १४०.७० डॉलर. हेच कर डाइव्ह, भाड्याचं सामान आणि जेवणालाही लागतात का, हे लेखी विचारा. अंदमानात सामान बहुधा डाइव्हच्या दरात असतं. मालदीवमध्ये ते वेगळं लावतात.

दुसरा छुपा खर्च विमानतळापासून बेटापर्यंतचा. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. मुंबईहून संध्याकाळी उतरलात तर एक रात्र माले किंवा हुळहुमालेत काढावी लागते. त्यापेक्षा स्पीडबोटीने पोचता येईल असं वस्तीचं बेट बघा. शुक्रवारी सरकारी बोटींच्या फेऱ्या बहुधा नसतात, उतरण्याचा वार त्याप्रमाणे धरा. वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही, आणि सोबत नेलेलीही विमानतळावर काढून घेतात. मनोरंजनाच्या डाइव्हला तिथे ३० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे. कोणी 'खाली नेतो' म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नका. चार्जरला तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो.

लाइव्हअबोर्ड, म्हणजे बोटीवरच राहून रोज तीन डाइव्ह, हा पर्याय डाइव्हमागे बघितला तर बऱ्याचदा रिसॉर्टहून स्वस्त पडतो. पण तो नवख्याचा नाही. किमान ओपन वॉटरच्या पुढचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झालेला असावा आणि बोट लागत नाही याची खात्री.

पहिल्या सकाळी शॉपमध्ये

अ‍ॅडव्हान्स आधी थोडाच द्या, बाकी हे बघितल्यावर. बोटीवर ऑक्सिजनचं किट कुठे आहे विचारा. दाखवायला दोन मिनिटांहून जास्त लागली तर ते नाहीच असं समजा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? ट्राय डाइव्हला एकास एक, फार तर दोन. कोर्सला चारपर्यंत ठीक.

मग सिलिंडर. भरलेल्या सिलिंडरचा दाब २०० बारच्या आसपास असतो आणि ५० बार उरले की वर यायचं असतं. १७० वर भरून दिलेला सिलिंडर म्हणजे तुमच्या दीडशेपैकी तीस बार शॉपने खिशात घातले. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) लावल्यावर सांध्यातून फसफस येत असेल तर रबरी ओ-रिंग बदलायला सांगा, मिनिटाचं काम आहे. तोंडात घेऊन गेजकडे बघत चार श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत वर जात असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. वर चालतं, खाली गेल्यावर हवा ओढायला जोर लागतो आणि माणूस घाबरतो. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ती डाइव्ह रद्द. कॉम्प्रेसरने डिझेल इंजिनाचा धूर ओढला असू शकतो आणि कार्बन मोनॉक्साइड दाबाखाली जास्त घातक ठरतो. बीसीडी (तरंगायला हवा भरायचं जॅकेट) फुगवून पाच मिनिटं तशीच ठेवा. मऊ पडली तर दुसरी मागा.

कान पहिल्या मीटरपासूनच उघडत जायचे. नाक धरून हलकं फुंकायचं, दुखायला लागायची वाट बघायची नाही. दुखलं तर एक मीटर वर येऊन पुन्हा. जोर लावून फुंकणाऱ्याचा पडदा फाटतो आणि उरलेली सहल खोलीत जाते.

परतीचा दिवस कोरडा

शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसलं तर उंचीवर दाब कमी होऊन तोच डीकम्प्रेशनचा धोका असतो, म्हणून एका डाइव्हला किमान १२ तास थांबायचं, अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर १८ तास. सोपं म्हणून २४ धरा. सीप्लेनही यात आलं. म्हणजे शेवटच्या दिवशीची रात्र आणि जेवण डाइव्हविना जाणार. ते हिशेबात आधीच घाला आणि तो दिवस बोटीने पोर्ट ब्लेअरला परतण्यासाठी वापरा. समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली तरी विमान चुकत नाही, हा दुसरा फायदा.

गाडीने गेलेल्यांना हे लागू नाही असा समज आहे. आंबोली जवळपास ७०० मीटर उंच आहे. मालवणच्या उथळ ट्राय डाइव्हनंतर फारसा प्रश्न नसतो, पण दोन खोल डाइव्ह करून त्याच दुपारी घाट चढू नका. रात्र खालीच काढा, सकाळी निघा. नाहीतरी तारकर्लीहून धुळे एका दमात गाठायची घाई कोणी करू नये.

पैसे देताना

तीन गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, फोनवरच्या बोलण्याला अर्थ नाही. हवामानामुळे डाइव्ह रद्द झाली तर पैसे परत की पुढची तारीख? सर्दी-कानामुळे तुम्हीच उतरू शकला नाहीत तर किती कापणार? बोट रद्द होऊन तुम्ही एक दिवस उशिरा पोचलात तर पहिल्या रात्रीचं भाडं लागणार का? पहिल्याला सगळे 'परत' म्हणतात, दुसऱ्याला गप्प होतात, तिसऱ्यावर घासाघीस करता येते. विमा काढताना साध्या प्रवास विम्यात स्कूबा वगळलेलं असतं का, किती मीटर खोल जाण्यापर्यंत विमा चालतो, आणि रीकम्प्रेशन चेंबरपर्यंत (डीकम्प्रेशनच्या त्रासावर उपचार करायची दाबाची खोली) नेण्याचा खर्च धरलाय का हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधा. नसेल तर डायव्हरांसाठीचा वेगळा विमा घ्या. जवळचा चालू चेंबर कुठे, हे शॉपलाही विचारा. एकूण बजेटच्या दहा टक्के रक्कम वेगळी ठेवा आणि त्यातली निम्मी रोख, कारण बेटावरचं एटीएम नेमकं तुम्ही गेलात त्याच दिवशी रिकामं असू शकतं.